विकलजांवरून कुळाची ओळख: डीएलएमएफच्या अठराव्या प्रकरणाविषयी

ऑर्थोगोनल बहुपदींच्या जेकोबी, लागेर आणि हर्मिट या तीनच कुळांना ‘अभिजात’ का म्हणतात, याचे उत्तर सूत्रसंग्रहात सापडेल अशी अपेक्षा सहसा कोणी ठेवत नाही. मात्र अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१० मध्ये खुल्या केलेल्या डीएलएमएफ (डिजिटल लायब्ररी ऑफ मॅथेमॅटिकल फंक्शन्स) या गणिती फलनांच्या विनामूल्य ऑनलाइन संदर्भकोशाच्या कलम १८.३ मध्ये ते थोडक्यात दिले आहे. दुसऱ्या क्रमाचे विकल समीकरण, रॉड्रिग्जचे सूत्र (जे बहुपदी वारंवार विकलन करून देते) आणि विकलजांची ऑर्थोगोनॅलिटी या तीन कसोट्या तेथे एकत्र मांडल्या आहेत. कुळातल्या कोणत्याही दोन वेगळ्या बहुपदींच्या गुणाकाराला एका ठरावीक धन फलनाने, म्हणजे भारफलनाने, गुणून संकलन केले की शून्य येते, ही ऑर्थोगोनॅलिटी. माझ्या मते तिसरी कसोटी सर्वांत सुंदर आहे: ज्या ऑर्थोगोनल बहुपदींचे विकलजही पुन्हा ऑर्थोगोनल असतात, त्या याच तीन कुळांतल्या.

जेकोबी कुळातल्याच लजांद्रच्या पहिल्या आणि तिसऱ्या घाताच्या बहुपदींचे विकलज घेऊन त्यांच्या गुणाकाराचे उणे एक ते एक या अंतरालात संकलन केले, तर उत्तर २ येते. तेथेच ‘एक वजा क्षचा वर्ग’ हे भारफलन वापरले की ते शून्य होते. म्हणजे गुणधर्म टिकतो, भार मात्र बदलतो. हर्मिटच्या बाबतीत तोही बदलत नाही.

या कोशाची खरी ताकद कलम १८.९ मध्ये दिसते. जेकोबीसाठीचे एक सूत्र विकलन करून बहुपदीची कोटी (घात) एकाने उतरवते आणि कुळ ठरवणारी दोन्ही प्राचले एकेकाने वाढवते, तर त्याच्या शेजारचे सूत्र भारासह विकलन करून नेमके उलट करते. ही दोन सूत्रे एकामागून एक लावली की विकल समीकरण हाती येते आणि दुसरेच पुन्हा पुन्हा लावले की रॉड्रिग्जचे सूत्र मिळते, त्यामुळे तिन्ही कसोट्या मुळात एकच असल्याचे वाचकाला स्वतः पडताळता येते. हे कोणी समजावून सांगत नाही. सिद्धतांसाठी संदर्भांकडे बोट दाखवले जाते, आणि कोशाने तसे करणे योग्यच आहे. प्रत्येक सूत्राची माहिती वेगळी उघडता येते, हीही मोठी सोय.

नवख्या विद्यार्थ्याने मात्र आधी पाठ्यपुस्तक वाचावे. भार धन असण्याची अट सोडली तर बेसेल बहुपदीही या कसोटीत बसतात. त्यांचे कलम १८.३४ बरेच पुढे आहे, आणि ते व १८.३ ही दोन्ही कलमे शेजारी उघडून वाचल्याशिवाय त्या अटीचे वजन लक्षात येत नाही.