नवापूर तालुक्यातील एका मंडळीचा गरीब निधी : अनुभव आणि अभिप्राय

नवापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) गरीब निधीला मी अनेक वर्षे अर्पण देत आलो आहे आणि गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशींसोबत अर्जदाराच्या बाजूनेही त्याचा अनुभव घेतला. मंडळीचे नाव येथे देत नाही, कारण गाव लहान आहे आणि तेवढ्यावरून मदत घेणारे घर ओळखू येईल.

या निधीची पैशाच्या बाबतीतली शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते. प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी नेहमीच्या अर्पणानंतर गरिबांसाठी वेगळी थैली फिरते. उपासना संपल्यावर, लोक अजून चपला शोधत असतानाच, दोन पंच, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी माणसे, सर्वांसमोर नोटा आणि चिल्लर मोजतात, रक्कम वहीत आकड्यांत व अक्षरांत लिहितात आणि खाली दोघेही सही करतात. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्या टेबलापासून मुद्दाम लांब राहतात. बँकेच्या खात्यावरही त्यांची सही चालत नाही. कापणीच्या सणाला भात, तूर, भोपळे, कोंबडे यांचा लिलाव होतो. एकच कोंबडा घेणारा तो पुन्हा अर्पण करतो आणि कोंबडा तीन-तीनदा बोलीला चढतो, तरी प्रत्येक बोलीची पावती स्वतंत्र फाडली जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवून त्याचे लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते. परंतु येथे तो हिशेब वार्षिक सभेत ओळीओळीने वाचला जातो आणि कोणाही सभासदाला उठून प्रश्न विचारता येतो.

मावशींच्या मुलाच्या पायावर लाकूड फोडताना कुऱ्हाड बसली आणि जखम चिघळली. मावशी मंडळीच्या सभासद नाहीत. तरीही अर्ज घेतला गेला, दोन पंच घरी येऊन डॉक्टरांची चिठ्ठी पाहून गेले आणि औषधांच्या दुकानाचे ४,२०० रुपयांचे बिल परस्पर भागवण्यात आले. उपासनेला येण्याची अट तर सोडाच, तसा शब्दही कोणी काढला नाही. मदतीची नोंद वहीत क्रमांकाने होते आणि सभेत नावाऐवजी तो क्रमांकच वाचला जातो. पूर्वी नावे व्यासपीठावरून जाहीर होत आणि गरजू माणसे त्या भीतीनेच अर्ज करीत नसत.

उणीव आहे ती वेळापत्रकात. पंचांची बैठक महिन्यातून एकदाच होते आणि अर्जदाराने तेथे स्वतः हजर राहावे असा नियम आहे. आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत बार्डोली, सुरतेकडे जातात आणि मध्ये गावी येतात ती होळीलाच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबातील बाळंतीण ऊसतोडीच्या पडावावर आजारी पडली. तिच्या सासऱ्यांनी येथून केलेला अर्ज ‘अर्जदार हजर नाही’ म्हणून पुढच्या बैठकीवर गेला आणि तोवर त्यांनी मुकादमाकडून वाढीव उचल घेतली होती, जी फेडायला पुढचा हंगामही गेला. नियम गावात राहणाऱ्यांच्या सोयीने केलेला होता आणि गाव सोडून गेलेल्यांचा विचार त्यात नव्हता. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात माणसे निवडायला सांगितली. मला हा उतारा पंचांसमोर ठेवावासा वाटला आणि गेल्या वार्षिक सभेत मी तो ठेवला.

आता आजारपणाच्या अर्जांसाठी दोन पंच फोनवर चौकशी करून बैठकीपूर्वी रक्कम मंजूर करू शकतात. ती थेट दवाखान्याच्या खात्यात जमा होते आणि पुढच्या बैठकीत तिची नोंद घेतली जाते. शिक्षणाच्या आणि घरदुरुस्तीच्या अर्जांना मात्र जुनाच नियम लागू आहे. अर्जाचा कागद पंचांकडे विनामूल्य मिळतो, लिहिता येत नसेल तर पंच स्वतः लिहून देतात आणि सोबत बिल किंवा डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते.