क्राफ्ट बिअर चाखण्याचा दिवस: पब फिरावेत, की एकाच पबमध्ये सॅम्पलर मागवावा?

क्राफ्ट बिअर, म्हणजे लहान ब्रुअरीत बनवलेली बिअर, चाखण्यासाठी एक मोकळा दिवस हाती असेल, तर तो दोन प्रकारे घालवता येतो. शहरातले तीन-चार पब हेरून, एकातून दुसऱ्यात पायी जात, प्रत्येक ठिकाणी एकच बिअर घेणे हा पहिला प्रकार. स्वतःची बिअर बनवणारा एखादा चांगला पब गाठून तिथेच निवांत बसणे आणि लहान पेल्यांचा सॅम्पलर ट्रे मागवणे हा दुसरा. मी दोन्ही मनापासून अनुभवले आहेत आणि अलीकडे माझी पावले पहिल्याकडेच वळतात. तरीही दुसऱ्या प्रकाराची बाजू लंगडी आहे, असे मी म्हणणार नाही.

सॅम्पलरचा मोठा गुण असा, की बिअर शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहता येतात. गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा गंध यीस्टमुळे येतो, हे वाचलेले असते. पण शेजारच्याच पेल्यातल्या पेल एल या फिकट बिअरमध्ये त्या गंधाचा मागमूस नाही, हे त्याच क्षणी कळले की ती माहिती जिभेवर पक्की बसते. शंका आली तर पहिल्या पेल्याकडे परत जाता येते. फिरतीत ही सोय नाही, तिथे तासाभरापूर्वीची चव आठवूनच तुलना करावी लागते. प्रमाणाच्या बाबतीतही ट्रेचेच पारडे जड आहे. १२० मिलिलिटरचे पाच पेले मिळून ६०० मिलिलिटर होतात, तर चार पबमध्ये प्रत्येकी पाव लिटर घेतली तरी एक लिटर बिअर पोटात जाते. म्हणून दोघांत एक ग्लास वाटून घेणारा सोबती नसेल, तर फिरतीसाठी तीन पब पुरेसे समजावेत. वाहन घरी ठेवायचे, हे दोन्ही प्रकारांत सारखेच.

असे असूनही माझे मन ट्रेवरून उडाले, त्याला कारण झाली एकच गोष्ट: सगळे पेले एकदमच भरून येतात. पहिली बिअर सावकाश, लक्ष देऊन प्यावी, म्हणूनच तर आपण आलेलो असतो. पण तेवढ्या वेळात उरलेल्या बिअर टेबलावर तापत राहतात. लहान पेल्यात बिअर थोडी असते आणि त्या मानाने काचेचा व हवेचा स्पर्श जास्त होतो, त्यामुळे ती मोठ्या ग्लासातल्या बिअरपेक्षा फार लवकर गरम होते. तापमान वाढले की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, फेस बसतो आणि बिअर निर्जीव लागू लागते. हलकीपासून गडदपर्यंत असा क्रम लावल्याने शेवटच्या स्टाउटचे, म्हणजे काळपट गडद बिअरचे, फारसे बिघडत नाही. बारा अंशांच्या आसपास तिच्यातला कॉफी-चॉकलेटचा स्वाद उलट खुलतोच. खरा अन्याय होतो तो मधल्या पेल्यांवर, आणि नेमकी तिथेच आयपीए (इंडिया पेल एल), म्हणजे हॉप्स या वेलीची कडवट, सुगंधी फुले भरपूर घातलेली बिअर असते. सात ते दहा अंशांवर जिच्यातून हॉप्सचा फळांसारखा ताजा गंध उसळायला हवा, ती आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा माझ्या जिभेला तरी नुसता जड कडवटपणा उरलेला जाणवतो. ब्रुअरने ज्यासाठी एवढे हॉप्स वापरले, तेच आपण गमावतो, ही गोष्ट मला मनापासून खटकते. भराभर प्यावे तर चाखणे राहून जाते, सावकाश प्यावे तर बिअर उतरते. पेले एकेक करून आणण्याची विनंती मी केलेली आहे. गर्दी नसेल तेव्हा ती मानली जाते, गर्दीच्या वेळी मात्र ट्रे पूर्ण भरूनच समोर येतो.

फिरतीत प्रत्येक बिअर नळातून थेट, योग्य तापमानाला आणि ताज्या फेसासह हाती येते. शिवाय दोन पबमधल्या पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यात, सोबत पाणी पीत राहिले तर, हॉप्सचा रेंगाळणारा कडवटपणा ओसरतो आणि पुढचा घोट जीभ जवळजवळ कोरी असताना घेता येतो. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बिअर वाहून आणणाऱ्या नळ्या नीट धुतल्या गेल्या नसतील, तर त्यांत जिवाणू वाढून आंबूस किंवा लोण्यासारखा वास येऊ लागतो. एकाच पबमध्ये बसलेल्याच्या सगळ्या पेल्यांत हा दोष उतरण्याचा धोका असतो. फिरणारा ती जागा सोडून पुढे जाऊ शकतो. म्हणूनच कोणत्याही नव्या पबमध्ये मी आधी पिल्सनरचा एक घोट चाखायला मागतो. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेन शहरात १८४२ साली जन्मलेली ही फिकट सोनेरी लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर) इतकी स्वच्छ असते, की नळीतला किंवा ग्लासातला कोणताही दोष तिच्यात लपत नाही. तो घोट बिघडलेला निघाला, तर तिथे पुढची बिअर मागवू नये, असे माझे मत आहे.

फिरतीला पूर्वतयारी लागते, हे मान्य. चांगली लागर मिळणारा पब आधी, हॉप्ससाठी ओळखला जाणारा मधे आणि गडद, जास्त तीव्र बिअरचा शेवटी, असा मार्ग आखावा लागतो. क्रम उलटला, तर दहा टक्के अल्कोहोलच्या इम्पीरिअल स्टाउटनंतर (स्टाउटचाच अधिक तीव्र प्रकार) कोणतीही लागर पाण्यासारखीच लागणार. ज्यांना चालणे त्रासाचे आहे, ज्यांचा गट मोठा आहे किंवा जे बिअरच्या शैली पहिल्यांदाच ओळखू पाहत आहेत, त्यांनी खुशाल सॅम्पलर घ्यावा. फक्त दुपारी, पब नुकताच उघडला असताना जावे, पाचऐवजी तीनच पेले मागवावेत, आणि त्यात आयपीए असेल तर हलक्यापासून गडदपर्यंतचा क्रम बाजूला ठेवून, तिचा कडवटपणा पुढच्या पेल्यात थोडा उतरेल हे गृहीत धरून, ती दुसऱ्याच क्रमांकावर प्यावी.