गुंगीतल्या कुत्र्याला ऑक्सिजन: मास्क, नाकातली नळी, हाय-फ्लो की सीपॅप?

एक्स-रे असो, कानाची सफाई असो की जखमेचं ड्रेसिंग, गुंगी दिली की ऑक्सिजन हवाच. प्रश्न फक्त कशाने द्यायचा आणि त्यासाठी किती खर्च करायचा, एवढाच.

यंत्र घेण्याआधी एक फरक पक्का करा: रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय, की कुत्रा श्वासच उथळ घेतोय? उथळ श्वासावर नुसता ऑक्सिजन हा उपाय नाही. ऑक्सिमीटर ९८ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) घ्या, बाकीचं नंतर. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे साध्या हवेवर इथल्या कुत्र्याच्या रक्तातला ऑक्सिजन मुंबईपेक्षा थोडा कमीच भरतो. निरोगी कुत्र्याला ते जाणवत नाही. गुंगीत श्वास मंदावला की जाणवतं.

नाकासमोर नुसती नळी धरली (मिनिटाला २–३ लिटर, २ सेंमी अंतर) तर २५ ते ४० टक्के ऑक्सिजन मिळतो. हात हलला की तोही गेला. चार-पाच मिनिटांची सोय, बस.

घट्ट बसणारा मास्क ३–५ लिटरवर ५०–६० टक्क्यांपर्यंत नेतो. गुंगीआधी ३ ते ५ मिनिटं लावला तर श्वास थांबलाच तरी हाताशी वेळ राहतो. मास्क फार मोठा किंवा प्रवाह कमी असेल, तर कुत्रा सोडलेलीच हवा पुन्हा ओढतो. पगच्या बसक्या तोंडावर कडा डोळ्यांना घासते. आधी डोळ्यांत मलम घाला.

नाकातली साधी नळी ५०–१५० मिली प्रति किलो प्रति मिनिट, म्हणजे १० किलोला ०.५ ते १.५ लिटर. बबल ह्युमिडिफायर (ऑक्सिजन पाण्यातून नेऊन दमट करणारी बाटली) नसेल तर नाक कोरडं पडतं.

हाय-फ्लोमध्ये हवा गरम आणि दमट करून ०.४ ते २ लिटर प्रति किलो प्रति मिनिट दिली जाते; ऑक्सिजन २१ ते १०० टक्के, हवा तसा. घशातली शिळी हवा धुऊन निघते, थोडा दाबही टिकतो. पण प्रॉन्ग (नाकात जाणारं नळीचं टोक) नाकपुडीच्या निम्म्यापेक्षा जाड नको, आणि तोंड उघडं राहिलं की दाब गेलाच. पोटात हवा भरते, म्हणून पोट फुगतंय का ते चाचपत राहा. नाकाला मार लागला असेल किंवा छातीत हवा साचली असेल तर लावू नका. आणखी एक मेख: एवढ्या प्रवाहात नाकाजवळ घेतलेलं कॅप्नोग्राफचं रीडिंग खोटं कमी येतं. छातीची हालचाल बघा, शक्य असेल तर रक्तातले वायू तपासा.

ऑक्सिजनचा हिशोबही मांडून घ्या. ३० किलोच्या लॅब्रेडॉरला ३० लिटर प्रवाह, ६० टक्के ऑक्सिजन म्हटलं तर सिलिंडरमधून मिनिटाला जवळपास १५ लिटर जातात. १५०० लिटरचं बी-टाइप सिलिंडर पावणेदोन तासही टिकत नाही. मास्कवर ३ लिटरने तेच आठ तास चालतं.

सीपॅप, म्हणजे सतत दाबाखाली हवा देणं, साधारण ५ सेंमी पाण्याच्या दाबाने फुप्फुसातले मिटलेले वायुकोश उघडे ठेवतो. गुंगीतला कुत्रा तो सहन करतो, जागा असलेला बहुधा नाही. पण प्रत्येक मुस्कटाला सील बसवणं हीच खरी डोकेदुखी, आणि हेल्मेट प्रकारात प्रवाह कमी पडला की कार्बन डायऑक्साइड आतच फिरतो. उलटी झाली तर विचारूच नका. छोट्या दवाखान्याने यात पैसे घालू नयेत.

दिवसाच्या छोट्या कामांना मास्क, कॅप्नोग्राफ आणि हाताशी लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं साधन) व श्वासनळीत घालायच्या योग्य मापाच्या नळ्या पुरतात. ऑक्सिजन चालू असूनही ऑक्सिमीटर ९४ च्या खाली राहत असेल, तर आधी क्लिपची जागा बदला. डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाने जीभ फिकट पडून रीडिंग फसतं. तरीही तसंच असेल, किंवा कार्बन डायऑक्साइड ६० (मिमी पारा) वर गेला, तर थेट श्वासनळीत नळी घाला. पग-बुलडॉग जास्त येत असतील आणि रात्री रुग्ण ठेवत असाल, तरच हाय-फ्लो परवडतो.

हाय-फ्लो आणि कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) दोन्ही विजेवर चालतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा भरलेलं सिलिंडर, रेग्युलेटर आणि त्याची चावी एकाच जागी हवी.