फुकटचं सिंक की पैसे भरून? एका टॉवेल कारखान्यापुरता हिशेब

दाजींचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. परवा त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "हे बघ की, जागा संपली म्हणायलंय. महिना एकशेतीस मागायलंय. भरू का नको?"

मी म्हटलं, आधी जागा कशानं भरली ते बघू. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, पण ते जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांत मिळून. १ जून २०२१पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो या हिशेबात धरत नसत, तेव्हापासून धरतात. २०२४मध्ये अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही यात मोजायला लागले. दाजींच्या डिझाइनच्या फायली जेमतेम एक जीबी निघाल्या. बाकी सगळं व्यापाऱ्यांना पाठवलेले टॉवेलचे फोटो, व्हिडिओ आणि नातेवाइकांचे 'शुभ सकाळ'.

म्हणजे भरायचे पैसे फायलींसाठी नव्हतेच. तरी जागा भरली की फटका फायलींनाच बसतो. नव्या मेल येणं थांबतं, त्यात एखादी ऑर्डरही अडकते. आणि सिंक, म्हणजे एका कॉम्प्युटरवर बदललेली फाईल आपोआप दुसऱ्यावर जाणं, गुपचूप थांबतं. डिझायनर आपल्या कॉम्प्युटरवर फाईल सेव्ह करतो, त्याला सगळं ठीक दिसतं. मागाजवळच्या कॉम्प्युटरवर मात्र जुनीच बॉर्डर उघडते. पूर्वी डिझाइन म्हणजे जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. ती मागावरच टांगलेली असायची, त्यामुळे जुनी की नवी हा प्रश्नच नव्हता.

इतर फुकट सेवांत जागा याहून कमी. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २. ड्रॉपबॉक्सनं मार्च २०१९पासून फुकट खात्याला तीनच उपकरणांची मर्यादा घातली. ऑफिसचा पीसी, मागाजवळचा पीसी आणि दाजींचा फोन, संपलं. वनड्राइव्ह आधी १५ जीबी द्यायचं, २०१६मध्ये ५ वर आलं. फुकट घेणाऱ्याला दुकानदाराशी भांडता येत नाही.

यावर आपल्याकडचा उपाय सगळ्यांना माहीत आहे: तीन जीमेल काढायची आणि ४५ जीबी करायचे. दाजींकडेही तेच होतं. एक खातं त्यांचं, एक भाच्याचं आणि एक डिझायनर पोराचं. मला यातलं तिसरं खातं सगळ्यांत महाग वाटतं. ड्राइव्हमध्ये फोल्डर तुम्ही शेअर केलं तरी त्यात ज्यानं फाईल टाकली, मालकी त्याची आणि जागाही त्याच्याच खात्यातली जाते. उद्या पोरगा दुसऱ्या कारखान्यात गेला आणि त्यानं खातं बंद केलं, की बॉर्डरी त्याच्याबरोबर गेल्या. शिवाय दोन वर्षं कुणी हात न लावलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं. हे डिसेंबर २०२३पासून सुरू झालं आहे.

पैसे भरायचं खरं कारण मला इथं दिसतं: कारखान्याच्या नावानं एकच खातं आणि सगळं काम त्यातूनच. १०० जीबी महिना १३० रुपयांनी घेतले तर वर्षाचे १५६० होतात, एकदम भरले तर १३००. मी एकदमच भरतो. मधेच भरणं थांबलं तर फायली लगेच जात नाहीत, पण नवीन काही चढत नाही; आणि मर्यादेपेक्षा जास्त दोन वर्षं राहिलात तर पुसल्या जाऊ शकतात.

आता पैसे देऊनही काय मिळत नाही ते. दिवस मिळत नाहीत. ड्राइव्हची कचरापेटी फुकटवाल्याला ३० दिवसांची आणि पैसेवाल्यालाही ३० दिवसांचीच. माझंच सांगतो. एका सेवेचे पैसे मी नेमाने भरत होतो. एका चौकड्याच्या डिझाइनवर चुकून दुसरं सेव्ह झालं. कळलं कधी, तर दोन महिन्यांनी जुन्या गिऱ्हाइकाची तीच ऑर्डर परत आली तेव्हा. जुनी प्रत केव्हाच गेलेली. ड्रॉवरमधल्या एका जुन्या पेनड्राइव्हनं वाचवलं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे; इकडे पुसलं की तिकडेही पुसतं, आणि तेही इमानदारीनं. मायक्रोसॉफ्ट ३६५चे पैसे भरणाऱ्याला अख्खं वनड्राइव्ह मागच्या तारखेला नेता येतं, व्हायरसनं सगळ्या फायली कुलूपबंद केल्या तर ते उपयोगी पडतं. पण तिथंही हद्द ३० दिवसांचीच.

सिंकथिंग नावाचं सॉफ्टवेअरही आहे. पूर्ण फुकट, जागेची मर्यादा नाही, कुणाच्या सर्व्हरवर फायली साठत नाहीत; जमेल तिथं त्या थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात. मात्र दोन्ही मशीन एकाच वेळी चालू हवीत, आणि आपल्याकडे लाइट गेली की ते राहिलं. दोन्ही पीसी एकाच छपराखाली असतील तर मी ते घेणार नाही. सुताच्या कारखान्यात आगीची भीती कुणाला समजावून सांगायला नको.

टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, चालू डेटा मात्र फुकट असो की पैशाचा, सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. उघड्या फाईलवर दोन मशीन एकदम चालली की ती बिघडते. टॅलीतून बॅकअप काढा आणि ती फाईल तिथं टाका.

माझी भाची शिवणकामाचं छोटं युनिट चालवते, शाळेच्या गणवेशाच्या ऑर्डरी घेते. तिला मी पैसे भरू दिले नाहीत. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ बंद केले आणि मोठ्या मेल पुसल्या. तिच्या मापांच्या यादीला १५ जीबी कधी भरायचे नाहीत.

दाजींनी मात्र वर्षाचे भरले. डिझायनरच्या खात्यातल्या फायली त्याला शेजारी बसवूनच उतरवून घेतल्या आणि कारखान्याच्या खात्यातून परत चढवल्या. दर महिन्याच्या एक तारखेला सगळं एका हार्ड डिस्कवर उतरतं. ती डिस्क कारखान्यात राहत नाही, घरी ताईच्या कपाटात असते.