बिलात नऊ मीटर पाइप, धुराड्यात अडीच

घर तापवणारा बॉयलर बदलायला आला असेल आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जात असेल, तर हे जरूर वाचा. मला ज्या माणसाने फसवलं, त्याने माझं मन वळवताना सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. त्या प्रत्येक गोष्टीची पुढची अर्धी बाजू मात्र त्याने गिळली, आणि मी ती विचारली नाही.

आमचा जुना गॅस बॉयलर बंद पडला म्हणून आम्ही कंडेन्सिंग बॉयलर घ्यायचं ठरवलं. जुन्याचा धूर दीडशे अंशांच्या वर तापलेला असायचा, त्यामुळे तो आपोआप धुराड्यातून वर चढायचा. नवा बॉयलर त्या धुरातली बरीचशी उष्णता काढून घेतो. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली उतरला, की त्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. आणि वाफ थोडीथोडकी नसते. एक घनमीटर गॅस जळला, तर दीड लिटरहून जास्त पाणी होईल एवढी वाफ निघते. हे पाणी आम्लधर्मी असतं. विटांमधला चुना ते खातं, साधा पत्राही खातं. शिवाय धूर इतका कोमट, की स्वतःहून वर जात नाही, पंखा तो दाबाने ढकलतो. म्हणून बॉयलरपासून बाहेरच्या तोंडापर्यंत अखंड, आम्लाला टिकणारा, हवाबंद पाइप लागतो.

तो न्यायचा कुठून, हा प्रश्न होता. एक तर थेट बाजूच्या भिंतीतून, नाही तर जुन्या धुराड्यात नवा पाइप सोडून छतावरून. माझा कल भिंतीकडे होता. बॉयलर बसवणारा तळघरात माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, “भिंतीतून काढलात तर बर्फ साचून तोंड बुजेल. पाणी तोंडाशी गोठून सुळे लटकतील. आणि सोडलेला धूर हवा आत घेणाऱ्या पाइपात परत शिरेल.” तिन्ही गोष्टी खरोखर घडतात. माझ्या पोटात गोळाच आला. या तिन्हींवरचे उपाय बॉयलरच्या माहितीपुस्तकात छापलेले असतात, हे मला माहीत नव्हतं. ते पुस्तक त्याने नंतर स्वतःबरोबर नेलं. त्याचा अर्थ माझ्या फार उशिरा लक्षात आला.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: धुराड्यासाठी पॉलिप्रॉपिलिनचा (आम्लाला टिकणाऱ्या प्लास्टिकचा) लवचिक पाइप, नऊ मीटर. कामाच्या दिवशी मी घरी नव्हतो. संध्याकाळी आलो तर छतावर धुराड्याला नवीकोरी टोपी आणि तळघरात नीट बसवलेला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड. वर पाइप दिसत होता, खाली पाइप दिसत होता. मी पैसे चुकते केले.

महिना-दोन महिन्यांत वरच्या मजल्यावर, धुराड्याला लागून असलेल्या भिंतीवर पिवळसर तपकिरी डाग उमटला. बोट लावलं तर ओल. मग रंगाचे पोपडे सुटले आणि खालचं प्लास्टर भुसभुशीत होऊन हातात यायला लागलं. फोन केला तर म्हणाला, “छतातून पाणी येत असेल.” मी छत तपासून घेतलं. छत कोरडं होतं.

आणि एका रात्री तळघराच्या जिन्यातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. या वायूला ना वास, ना रंग. मुलांना पांघरुणांसकट उचलून आम्ही बाहेर पडलो आणि गॅसच्या तातडीच्या सेवेला फोन केला. तो अलार्म नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून झोप उडवतो.

दुसऱ्या मेकॅनिकने छतावरची टोपी उघडली आणि आतला पाइप वर ओढला. मला वाटलं होतं, जड जाईल. तो एका हातात वर आला. सव्वा मीटर. तळघरात एल्बो सोडवला, तर त्यालाही जेमतेम तेवढाच तुकडा. मधे काहीही नाही, नुसत्या उघड्या विटा. धूर खालच्या तुकड्यातून बाहेर पडून थेट धुराड्यात पसरत होता आणि त्याचं पाणी विटांत मुरत होतं. त्याहून भयंकर म्हणजे पाण्याचा जुना गॅस हीटर त्याच धुराड्याला जोडलेला ठेवला होता. पंख्याने ढकललेला धूर त्या हीटरच्या उघड्या तोंडातून तळघरात परत येत होता. दाबाने धूर सोडणारा बॉयलर आणि नैसर्गिक ओढीवर चालणारा, म्हणजे ज्याचा धूर आपोआप वर चढतो असा हीटर एकाच धुराड्यात कधीच सोडायचे नसतात. पूर्ण लांबीचा पाइप टाकला असता, तरी त्या हीटरची वेगळी सोय करावीच लागली असती.

जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं, “पाइप सरकला असेल.” सरकलेला पाइप आखूड होत नाही.

आता पाइप भिंतीतूनच काढला आहे आणि काम चालू असताना मी तिथून हललो नाही. आडव्या पाइपाला बॉयलरकडे उतार दिला आहे, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे पाणी मागे येऊन निचऱ्यात जातं, तोंडाशी गोठत नाही. तोंड नेहमी साचणाऱ्या बर्फाच्या पातळीहून ३० सेंटिमीटर वर ठेवलं आहे. धूर सोडणारं आणि हवा घेणारं तोंड यांत किती अंतर हवं, ते पुस्तकातल्या आकृतीवरून टेपने मोजलं. निचऱ्याची नळी घराच्या आतूनच नेली, बाहेर काढली असती तर ती गोठून बॉयलर बंद पडला असता. पाण्याचा हीटर विजेचा घेतला. धुराड्यातच पाइप टाकायचा असेल, तर टोपी बसवण्याआधी वरून टॉर्च मारून खालपर्यंत स्वतः बघा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो मागा. कामाच्या दिवशी घरी थांबता येणार नसेल, तर काम पुढे ढकला.

पाइपाचे पैसे बऱ्याच तगाद्यानंतर परत मिळाले, भिंतीचे नाहीत. ते दोन तुकडे तळघरात मी जपून ठेवले आहेत. दोन्हींच्या कडा करवतीने सरळ कापलेल्या आहेत.