फोम की अल्जिनेट? मेडिकेअरच्या ड्रेसिंग कोडची तुलना

अमेरिकेच्या मेडिकेअर पार्ट बीमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा एक भाग) खोल, पू-पाणी गळणाऱ्या जखमेसाठी फोम (स्पंजासारखं ड्रेसिंग) आणि अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून बनवलेलं, स्राव शोषणारं ड्रेसिंग) दोन्ही चालतात. निवड डॉक्टरांच्या ऑर्डरमध्येच व्हायला हवी. पुण्यात बसून क्लेम भरणाऱ्याने कोड (ड्रेसिंगचा प्रकार आणि माप सांगणारा क्रमांक) बदलून ती दुरुस्त होत नाही.

मोठा फरक बदलण्याच्या वारंवारतेत आहे. फोम कव्हर आठवड्यात साधारण ३ वेळा, तर अल्जिनेट रोज एकदा मान्य होतं. अल्जिनेटची पट्टी ए६१९६ (१६ चौरस इंचांपर्यंत), ए६१९७ (४८ पर्यंत) किंवा ए६१९८ (त्याहून मोठी). जखमेत भरायचा दोर असेल तर ए६१९९, त्यात ६ इंच म्हणजे १ युनिट आणि एका बदलाला जास्तीत जास्त २. फोममध्ये त्याच मापांसाठी कडेला चिकटपट्टी नसलेला ए६२०९ ते ए६२११, चिकटपट्टीवाला ए६२१२ ते ए६२१४.

गोंधळ होतो तो चिकटपट्टीवाल्या फोममध्ये. खोक्यावर ६×६ लिहिलंय म्हणून ३६ चौरस इंच धरून ए६२१३ टाकला जातो. पण माप मधल्या पॅडचं धरायचं. पॅड ४×४ असेल तर १६ चौरस इंच, म्हणजे ए६२१२. पॅड ४.५×४.५ असेल तर २०.२५, म्हणजे ए६२१३. खोक्यावरचा आकडा नाही, उत्पादकाच्या माहितीपत्रकातलं पॅडचं माप बघा. (चांदीयुक्त फोमला वेगळा कोड नाही, शोधत बसू नका.)

दोन्ही एकत्र वापरण्याचा मोह टाळावा. अल्जिनेटवर झाकण लागतंच, पण रोज बदलायच्या अल्जिनेटवर फोम लावला तर फोमही रोज जातो आणि आठवड्यात तीनापलीकडचे नग नाकारले जातात. वरच्या आणि आतल्या थराचं वेळापत्रक सारखंच हवं. म्हणून रोज बदलायचं असेल तर अल्जिनेटवर गॉज (ए६४०२). तीन बदलांत भागत असेल तर नुसता चिकटपट्टीवाला फोम. आमच्या मते क्लेम तिथे सर्वांत सरळ जातो. जखम कोरडी किंवा काळ्या खपलीने झाकलेली असेल तर अल्जिनेट मंजूर होत नाही.

किती जखमांवर ड्रेसिंग आहे त्यानुसार ए१ ते ए९ मॉडिफायर (कोडपुढे जोडायची दोन अक्षरी खूण) लावायचा, आणि पुरवठा एका वेळी महिन्याभराचाच. जखमेची लांबी-रुंदी-खोली आणि स्रावाचं प्रमाण यांची नोंद दर महिन्याला, नर्सिंग होममध्ये दर आठवड्याला. स्राव "कमी" लिहिलाय आणि अल्जिनेट रोज चाललंय, तर डिनायल, म्हणजे क्लेम नाकारला जाणं, ठरलेलं.