सोनी ए६७०० नऊ महिने वापरल्यावर : फुल फ्रेमच घ्यायला हवा होता का?

हा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा डिसेंबरात घेतला, आता नऊ महिने झाले, वीसेक हजार फोटो तरी हार्ड डिस्कवर पडलेत, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घेताना दुकानात, मित्रांत, सगळीकडे एकच ऐकलं, "लाखाच्या वर घालवतोयस आणि क्रॉप घेतोस? क्रॉपचं आता काही खरं नाही, अजून थोडे टाक आणि फुल फ्रेमला जा." (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप; फुल फ्रेममध्ये ती जुन्या ३५ एमएम फिल्मएवढी, क्रॉपमध्ये त्याहून छोटी.) हे 'थोडे टाक' प्रकरण मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही, फक्त न पटण्याचं कारण बदललंय.

मला वाटायचं सेन्सर छोटा म्हणजे कॅमेरा छोटा. साफ चूक. ए६७०० बॅटरी-कार्डासकट ४९३ ग्रॅम आणि मित्राचा ए७सी टू, जो फुल फ्रेम आहे, तो ५१४ ग्रॅम. फरक २१ ग्रॅमचा, खिशातल्या चिल्लरीएवढा! बॅटरीसुद्धा दोघांची एकच, ट्रेकला आम्ही एकमेकांची वापरतो. त्यामुळे नुसती बॉडी हातात धरून क्रॉप घ्यायचं ठरवत असाल तर नका घेऊ. खरा फरक लेन्सच्या पिशवीत आहे, आणि तो मला भिगवणला, पक्ष्यांचे फोटो काढताना कळला.

फेब्रुवारीत गेलेलो, पहाटे कुंभारगावातून होडीत बसलो. माझ्याकडे ७०-३५० एमएमची लेन्स, वजन ६२५ ग्रॅम. शेजारी एक काका, फुल फ्रेमवर २००-६००, ती लेन्सच २ किलोच्या वर. नावाडी माझ्याकडे बघून म्हणतो, "दादा, तुमची तोफ गाडीतच राहिली का?" सगळे हसले, मीही हसलो. पण क्रॉपचे दीडपट धरले की ३५० म्हणजे फुल फ्रेमवरच्या ५२५ चा कोन होतो, आणि पूर्ण २६ मेगापिक्सेल तुम्हाला त्या पक्ष्यावर मिळतात. मित्राच्या ३३ मेगापिक्सेलला क्रॉप मोडमध्ये टाकलं, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला, तर हातात १४च उरतात. तर झालं असं की तासाभरात काकांचे हात भरून आले, त्यांनी लेन्स बीनबॅगवर टेकवली, बीनबॅग होडीच्या डाव्या कडेला, आणि ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, आला उजवीकडून, पायात मासा धरून, अगदी डोक्यावरून म्हणावं इतक्या जवळून. काका वळेपर्यंत तो गेला पण. मी बसल्या जागी नुसता कॅमेरा उचलला, बर्ड मोडने डोळा पकडला, सतरा फ्रेम निघाल्या, त्यातल्या चारात माशाचं खवलं न खवलं दिसतंय.

आता हेही सांगतो, की सूर्य वर यायच्या आधी काढलेले रोहित पक्ष्यांचे फोटो काकांचेच चांगले होते, पाणी कसं मऊ आणि स्वच्छ आलेलं. माझ्या फोटोत तेच पाणी रवाळ.

हा रवाळपणा मे महिन्यात मामेबहिणीच्या हळदीला पुरता नडला. रात्रीचा मांडव, पिवळे बल्ब, वर कुणीतरी जांभळ्या एलईडीच्या माळा सोडलेल्या, १८-५० एफ २.८ लेन्स पूर्ण उघडी ठेवूनसुद्धा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो रवाळ होतो) ६४०० च्या खाली येईना. गालावरची हळद कुठली आणि नॉइज, म्हणजे हा रवाळपणा, कुठला तेच कळेना. फुल फ्रेमच्या सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण २.३ पट असतं, म्हणजे एका स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त फायदा, आणि अंधारात तो स्टॉप दिसतोच, उगाच नाही कशाला म्हणायचं. सॉफ्टवेअरने डीनॉइज होतं, पण माझा लॅपटॉप म्हातारा, एका फोटोला तीन-चार मिनिटं घेतो, आणि फोटो होते सहाशे. शेवटी चाळीस निवडले आणि बाकीच्यांबद्दल मामीला "येतायत, येतायत" सांगत राहिलो.

बाकी बारीकसारीक. जॉयस्टिक नाही, व्ह्यूफाइंडर या किमतीला कंजूष आहे, कार्ड स्लॉट एकच. पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढणार असाल तर एका स्लॉटवर विसंबू नका. यातल्या काही गोष्टी सोनीने मुद्दाम अडवून धरल्यात असं मला वाटतं, म्हणजे माणूस कंटाळून आपणहून फुल फ्रेमकडे सरकतो. सेकंडहँड ३० एमएम लेन्स घेतली तिच्यात पावसाळ्यात फंगस निघाला, दुकानदार म्हणे तुमच्याच घरी लागला. त्यानंतर आधी ड्राय बॉक्स (लेन्स कोरड्या ठेवायची पेटी) घेतला, तुम्हीही घ्या.

आता क्रॉपच्या भविष्याचं. भीती अगदीच खोटी नाही. सोनीचा ए६६०० आला २०१९ ला आणि त्याच्या जागी ए६७०० यायला २०२३ उजाडलं. कॅननची क्रॉपवाली एम सिरीज तर बंदच झाली, ज्यांनी एम५० घेऊन लेन्सा जमवल्या त्यांना त्या कॅननच्याच आताच्या आरएफच्या बॉडीवर लावता येत नाहीत. म्हणून मला क्रॉप सेन्सर मरेल का हा प्रश्नच चुकीचा वाटतो, तुमचा माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसायची जागा, मरेल का ते बघा. सोनीत माझ्या लेन्सा उद्या फुल फ्रेम बॉडीवर निदान लागतील तरी, भले क्रॉप मोडमध्ये. फुजीचं उलट, ते फुल फ्रेम बनवतच नाहीत, एकतर क्रॉप सेन्सर नाहीतर थेट फुल फ्रेमहून मोठा मिडियम फॉरमॅट, त्यामुळे क्रॉपकडे दुर्लक्ष करणं त्यांना परवडणारच नाही. आणि लेन्सवाले तर अजिबात थांबलेले नाहीत. २०२४ ला कॅननने आरएफ माउंट क्रॉपपुरता सिग्मा-टॅमरॉन या लेन्स कंपन्यांना उघडला, २०२५ ला सिग्माने क्रॉपसाठी १७-४० एफ १.८ लेन्स काढली, एफचा आकडा लहान म्हणजे प्रकाश जास्त. ती माझ्याकडे असती तर हळदीला आयएसओ निम्म्याच्याही खाली आला असता. फक्त ती अर्ध्या किलोच्या वर आहे, म्हणजे हलकं म्हणून क्रॉप घ्यायचा आणि मग जड लेन्स लावायची, हा विनोद माझ्या लक्षात आलाय.

भाचा विचारत होता, क्रॉप घेऊ का फुल फ्रेम. त्याला म्हटलं बॉडीची किंमत राहू दे बाजूला, तुला ज्या दोन लेन्सा लागणारेत त्यांची किंमत आणि वजन दोन्हीकडचं कागदावर मांड आणि मग ये. तीन आठवडे झाले, अजून आलेला नाही.